विद्यापीठाच्या ॲथलेटिक्सचा इतिहास लिहिताना: कोणाचा विक्रम, कुठल्या घड्याळावरचा?

विद्यापीठाचा सुवर्णमहोत्सव किंवा शताब्दी जवळ आली की क्रीडा विभागाला पुस्तिका काढायची आठवण होते. काम एखाद्या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात पडतं, हाताशी जेमतेम काही महिने असतात आणि काचेच्या कपाटात भरपूर ढाली-करंडक. मग कुलगुरूंचा संदेश, संचालकांचं मनोगत, पदकांची यादी आणि मधेमधे कोण कुठे उभं आहे हे न कळणारी समूहछायाचित्रं, अशी ती पुस्तिका छापून होते. तशा पुस्तिका माझ्याकडे तपासायला येतात. मी तरुणपणी अडथळ्यांच्या शर्यती धावले, नंतर बराच काळ टाइमकीपर म्हणून फिनिशच्या पायऱ्यांवर बसले, आता आकडेवारीचं काम करते. पुस्तिका हातात आली की मी संदेश उलटून थेट विक्रमांच्या तक्त्यावर जाते. लिहिणाऱ्याने मूळ कागद पाहिलाय की मागच्या पुस्तिकेवरून उतरवून घेतलंय, हे तिथे लगेच कळतं.

हे काम नीट कसं करायचं ते सांगते. त्याला भाषेचा फुलोरा लागत नाही. चिकाटी लागते, आणि प्रत्येक ओळीला ‘कशावरून?’ असं विचारायची सवय.

आधी ‘आपलं’ कोणतं ते ठरवा

६ मे १९५४. एक मैल अंतर चार मिनिटांच्या आत पहिल्यांदा कापलं गेलं ते ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर. धावणारा रॉजर बॅनिस्टर ऑक्सफर्डमध्येच शिकलेला, तिथल्या ॲथलेटिक क्लबचा एके काळचा अध्यक्ष. वेळ ३ मिनिटं ५९.४ सेकंद. आता सांगा, हा पराक्रम ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संघाच्या नावावर लावायचा का? घाईतला माणूस डोळे झाकून लावेल. पण त्या संध्याकाळची लढत होती ऑक्सफर्ड विद्यापीठ विरुद्ध ॲमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशन, आणि बॅनिस्टर धावला असोसिएशनकडून. आपल्याच जुन्या विद्यापीठाच्या विरोधात! तेव्हा तो लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये वैद्यकीचं शिक्षण घेत होता. त्याला वेग काढून देणारे ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे हेही असोसिएशनचेच. ब्रॅशर तर केंब्रिजमध्ये शिकलेला.

मैदानाच्या इतिहासात ही शर्यत पहिल्या पानावर हवी. माजी विद्यार्थ्यांच्या प्रकरणातही हवी. विद्यापीठासाठी केलेल्या कामगिरीच्या तक्त्यात मात्र तिला जागा नाही.

म्हणून वहीत सुरुवातीलाच तीन रकाने आखा. पहिल्यात विद्यापीठाची जर्सी घालून केलेली कामगिरी. दुसऱ्यात विद्यार्थी असताना, पण देशासाठी किंवा क्लबसाठी केलेली. तिसऱ्यात शिक्षण संपल्यानंतरची. एकाच माणसाची कामगिरी तिन्हीकडे विभागली जाऊ शकते. अमेरिकेचा धावपटू जेसी ओवेन्सने मे १९३५ मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बर शहरात जे केलं (आकडे पुढे येतील) ते ओहायो स्टेट विद्यापीठासाठी, म्हणून पहिल्या रकान्यात. पुढच्या वर्षी बर्लिन ऑलिंपिकमधली त्याची चार सुवर्णपदकं अमेरिकेच्या जर्सीत, म्हणून दुसऱ्यात. जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धांमुळे इथे हमखास गोंधळ होतो. १९५९ मध्ये तुरिनला सुरू झालेल्या या स्पर्धेत उतरणारे विद्यार्थीच असतात, पण ते देशाकडून खेळतात. द्युती चंदने २०१९ मध्ये नेपल्सला १०० मीटरमध्ये ११.३२ सेकंदांत मिळवलेलं सुवर्ण दुसऱ्या रकान्यातलं. तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून २०१८ आणि २०२२ मध्ये उंच उडीचं अमेरिकी आंतरविद्यापीठ विजेतेपद मिळवलं. ती दोन्ही पहिल्यात. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं २.२२ मीटर उडीचं कांस्य भारताचं. ते दुसऱ्यात जाणार की तिसऱ्यात, हे त्या तारखेला तो नोंदणीकृत विद्यार्थी होता का यावर ठरेल. ते प्रवेशाच्या रजिस्टरमध्ये पाहायचं, तर्क लढवायचा नाही.

आणि काही जण तिन्ही रकान्यांच्या बाहेर पडतात. अमेरिकेची धावपटू विल्मा रुडॉल्फने १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकला रिलेचं कांस्य मिळवलं तेव्हा ती शाळेत होती. टेनेसी स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक एड टेम्पल तिला उन्हाळी शिबिरांत घडवत होते, पण विद्यापीठात ती पुढे दाखल झाली. अशा कामगिरीला तक्त्यात कोंबू नका, मजकुरात सविस्तर लिहा. तिथे ती जास्त शोभते.

कागद कुठे सापडतात

पहिला मान निकालपत्रकाला, म्हणजे स्पर्धा संपल्यावर पंचांनी सह्या केलेल्या कागदाला. ते मिळालं तर बाकी सगळं दुय्यम. पण निकालपत्रकं आयोजकांकडे राहतात, सहभागी विद्यापीठाकडे नाही, म्हणून आपलं कपाट धुंडाळून थांबू नका. ज्या विद्यापीठात स्पर्धा झाली तिथल्या क्रीडा विभागाला पत्र पाठवा. नुसतं ‘माहिती हवी आहे’ लिहिलंत तर उत्तर येत नाही. वर्ष, स्पर्धेचं नाव आणि कोणत्या प्रकाराचा निकाल हवा ते लिहा.

प्रवेशिका आणि पात्रता-अर्ज फार कामाचे. त्यात जन्मतारीख, वर्ग, प्रवेशाचं वर्ष आणि प्राचार्यांची सही असते, त्यामुळे दुसरा-तिसरा रकाना तिथेच सुटतो. वार्षिक अहवालात आकडे कमी आणि कौतुक जास्त, तरी कोणत्या वर्षी संघ गेलाच नाही हे त्यातून कळतं. विद्यार्थ्यांचं नियतकालिक असेल तर त्याचे सगळे अंक चाळा. वर्तमानपत्राला चौथ्या क्रमांकाशी देणंघेणं नसतं, नियतकालिकाला असतं.

माझी आवडती जागा मात्र लेखा विभाग. प्रवासभत्त्याची व्हाउचरं, साहित्य खरेदीची बिलं, डेड स्टॉक रजिस्टर. संघाच्या यादीत बारा नावं आणि भत्त्याच्या व्हाउचरवर नऊ सह्या, तर नऊच जण गेले असं धरून पुढचा शोध घ्या. बांबूची पोल जाऊन फायबरग्लासची कधी आली, मुलींसाठी स्पाइक्स पहिल्यांदा कधी घेतल्या, हे कोणाच्या भाषणात नसतं, बिलात असतं. ही कागदपत्रं ठरावीक काळाने रद्दीत जातात, म्हणून शोधाची सुरुवात तिथून करा.

वर्तमानपत्राबद्दल एक सूचना. रिले बहुधा शेवटी होते आणि बातमीदाराला छपाईची वेळ गाठायची असते. त्यामुळे रिलेचा निकाल पहिल्या दिवशीच्या बातमीत नसला, किंवा अर्धवट असला, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचे अंकही पाहा. आक्षेप घेतला गेला आणि रात्री निकाल बदलला, असंही होतं.

जुन्या खेळाडूंना भेटायला जाल तेव्हा ‘तुमची सर्वोत्तम कामगिरी कोणती?’ असं विचारू नका. आठवणीतली वेळ दरवर्षी थोडी सुधारत जाते, त्यात कोणाचा खोटेपणा नसतो. विचारा, ट्रॅक कसा होता, पावसानंतर आतली लेन कशी व्हायची, शेजारच्या लेनमध्ये कोण होतं, बॅटन कोणाच्या हातून घेतली, परगावी गेल्यावर मुक्काम कुठे असायचा. याची उत्तरं पक्की मिळतात आणि त्यातूनच निकालपत्रक कुठल्या वर्षाचं शोधायचं ते कळतं. तक्त्यातला आकडा मात्र कागदावरूनच घ्यायचा. छायाचित्र हातात आलं की आधी मागची बाजू पाहा. नाव नसेल तर समोरच्या बाजूला चेस्ट नंबर असतो, आणि तो प्रवेशिकेशी जुळवता येतो.

घड्याळ, वारा आणि फीत

इथे मी थोडी रेंगाळणार, कारण बहुतेक पुस्तिका इथेच कोसळतात.

हातातल्या स्टॉपवॉचवरची वेळ आणि इलेक्ट्रॉनिक वेळ एका रकान्यात लिहायच्या नाहीत. टाइमकीपर पिस्तुलाच्या ठिणगीवर किंवा धुरावर घड्याळ सुरू करतो. आवाजाची वाट पाहिली तर १०० मीटर अंतरावर पाव सेकंदाहून जास्त वेळ त्यातच गेला. ठिणगीवर केलं तरी बोट दबायला क्षण लागतो, आणि फिनिशला धावपटू समोरून येताना दिसत असल्याने बोट आधीच तयार असतं. सुरुवातीचा हा उशीर शेवटी भरून निघत नाही. म्हणून हाताची वेळ नेहमी जलद दिसते. आकडेवारीवाले तुलनेसाठी १०० आणि २०० मीटरच्या हातवेळेत ०.२४ सेकंद मिळवतात, ४०० मीटरला ०.१४. ही मिळवणी समजून घेण्यापुरती. विक्रमाच्या रकान्यात मिळवलेला आकडा लिहिलात तर तो तुम्ही तयार केलेला विक्रम झाला. हातवेळ दशांशाच्या एका घरापर्यंत लिहितात, इलेक्ट्रॉनिक दोन घरांपर्यंत. १०.६ ला कोणी हौसेने १०.६० केलं की पुढच्या पिढीला वाटतं यंत्राने मोजलं. हे शून्य मी कितीतरी तक्त्यांत खोडलंय.

४०० मीटरपर्यंतच्या जागतिक विक्रमांसाठी १९७७ पासून फक्त इलेक्ट्रॉनिक वेळ ग्राह्य धरली जाते. त्यामुळे त्याआधीच्या एकाच शर्यतीच्या दोन वेळा दोन पुस्तकांत दिसतात. मेक्सिको सिटी ऑलिंपिक, १९६८, २०० मीटर: टॉमी स्मिथची वेळ एका ठिकाणी १९.८, दुसऱ्या ठिकाणी १९.८३. दोन्ही बरोबर. शेजारी आणखी एक खूण हवी, उंचीची, कारण मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटरवर आहे. १००० मीटरपेक्षा उंच ठिकाणच्या कामगिरीला वेगळी खूण करायचा आकडेवारीचा रिवाज आहे, कारण विरळ हवेत कमी अंतराचे धावपटू आणि लांब उडीवाले यांना फायदा होतो, लांब पल्ल्याचे दमतात.

वाऱ्याचंही तेच. १०० आणि २०० मीटर, सरळ ट्रॅकवरच्या अडथळ्यांच्या शर्यती, लांब उडी आणि तिहेरी उडी यांत पाठीमागून वारा सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त असेल तर पदक मिळतं, विक्रम मिळत नाही. विल्मा रुडॉल्फने १९६० मध्ये रोम ऑलिंपिकला १०० मीटरची अंतिम शर्यत ११.० सेकंदांत जिंकली. सुवर्ण तिचं, पण वारा मर्यादेच्या वर होता, म्हणून ती वेळ विक्रम म्हणून गेली नाही. तुमच्या तक्त्यातही अशी कामगिरी ‘वाऱ्याच्या मदतीने’ म्हणून वेगळी ठेवा. आणि निकालपत्रकावर वाऱ्याचा आकडाच नसेल तर ‘वारा नोंदलेला नाही’ लिहा. तो शून्य होता असं धरू नका.

मग यार्ड. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, ४४० यार्ड म्हणजे ४०२.३४ मीटर, मैल म्हणजे १६०९.३४ मीटर. ४४० यार्डांची वेळ ४०० मीटरच्या विक्रमाखाली सरकवायची नाही; यार्डांचा तक्ता वेगळा करून बंद करून टाका. स्टीव्ह प्रीफॉन्टेनचं उदाहरण लक्षात ठेवण्याजोगं आहे. ओरेगन विद्यापीठाकडून त्याने १९७० ते १९७३ अशी सलग चार वर्षं एकाच पल्ल्याची शर्यत जिंकली असं म्हणतात. तक्ता उघडला तर १९७०, १९७१ आणि १९७३ मध्ये ती तीन मैलांची, आणि १९७२ मध्ये ५००० मीटरची. ऑलिंपिकचं वर्ष होतं म्हणून अंतर मीटरमध्ये घेतलं होतं. तीन मैल म्हणजे ४८२८ मीटर. सलग चार विजेतेपदं खरी. चारही वेळांची एकमेकींशी तुलना खोटी.

ॲन आर्बरला २५ मे १९३५ रोजी ओवेन्सने पाऊण तासाच्या आसपास जे केलं त्याचे आकडे तर प्रत्येक पुस्तकात निराळे. कोणी म्हणतं तीन विश्वविक्रम आणि एकाची बरोबरी, कोणी म्हणतं पाच आणि एकाची बरोबरी. भानगड अशी: १०० यार्ड ९.४ सेकंद, ही बरोबरी. लांब उडी २६ फूट ८ पूर्णांक एक चतुर्थांश इंच, म्हणजे ८.१३ मीटर. २२० यार्ड २०.३ सेकंद. २२० यार्ड कमी उंचीचे अडथळे २२.६ सेकंद. आता २२० यार्ड हे २०० मीटरपेक्षा मीटरभर जास्तच, म्हणून त्याच दोन वेळा २०० मीटरसाठीही विक्रम धरल्या गेल्या. तीनाचे पाच झाले ते असे. शिवाय ते २२० यार्ड सरळ रेषेत धावले गेले होते, वळणावरून नव्हे. आजच्या २०० मीटरच्या वेळेशेजारी २०.३ ठेवून कोणी तुलना केली की माझं डोकं दुखतं. तुमच्या जुन्या मैदानावर सरळ २२० यार्डांची सोय होती का, हे नकाशा काढून पाहा.

फेकीच्या प्रकारांत साहित्य बदललंय. पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य १९८६ मध्ये पुढे सरकवला, कारण १९८४ मध्ये उवे होनने तो १०४.८० मीटर फेकला आणि मैदानं अपुरी पडायची वेळ आली. महिलांचा भाला १९९९ मध्ये बदलला. म्हणजे विद्यापीठाचे भालाफेकीचे विक्रम दोन, जुन्या भाल्याचा आणि नव्या भाल्याचा. जुना विक्रमवीर ‘माझा विक्रम कोणी मोडलाच नाही’ म्हणत असेल तर तो खरं बोलतोय. कोणी मोडूही शकणार नाही.

सांघिक विजेतेपदं मोजताना

कपाटातल्या ढालींवरून विजेतेपदं मोजू नका. फिरती ढाल परत द्यावी लागते, आणि परत न दिलेली ढाल कपाटात राहते. गुणतक्ता पाहा. त्यात अपूर्णांकातले गुण दिसले तर टंकलेखनाची चूक समजून दुरुस्त करू नका. उंच उडी किंवा बांबू उडीत बरोबरी झाली की गुण वाटून दिले जायचे. पहिल्या किती क्रमांकांना गुण द्यायचे हे नियमही बदलत आले आहेत, म्हणून एका दशकातली गुणसंख्या दुसऱ्या दशकाशी लावून ‘सर्वाधिक गुणांचा विक्रम’ काढण्यात अर्थ नसतो.

एका ताऱ्यावर संघ जिंकत नाही, हे आकड्यांतून दाखवता येतं. ओवेन्सने १९३५ आणि १९३६ अशी दोन्ही वर्षं अमेरिकी आंतरविद्यापीठ स्पर्धेत चार-चार विजेतेपदं मिळवली. सांघिक विजेतेपद दोन्ही वर्षी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या क्रमांकांची फळी होती. तुमच्या इतिहासात या फळीला जागा द्या. चौथ्या क्रमांकाचा गोळाफेकपटू आणि रिलेत तिसऱ्या टप्प्यावर धावणारी मुलगी यांच्या गुणांवर करंडक आलेले असतात.

विभागून मिळालेलं विजेतेपद विभागूनच लिहा. ओरेगनचं १९६५ चं विजेतेपद सदर्न कॅलिफोर्नियाबरोबर बरोबरीतलं आहे, आणि तसं लिहिल्याने ते लहान होत नाही. रद्द झालेल्या विजेतेपदांचं जरा अवघड. आर्कान्सॉ विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन मॅकडॉनल यांच्या संघांनी क्रॉस कंट्री, इनडोअर आणि आउटडोअर मिळून ४२ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. नियमभंगामुळे २००४ आणि २००५ ची आउटडोअर विजेतेपदं नंतर रद्द झाली, उरली ४०. अशा वेळी ओळ गाळू नका आणि गुपचूप मोजूही नका. वर्षापुढे ‘रद्द’ लिहा, कारण द्या, बेरीज ४० ठेवा. वाचणाऱ्याला ४२ चा आकडा कुठेतरी दिसणारच. तो कुठून आला हे तुमच्याकडून कळलेलं बरं.

पदकांची बेरीज करताना रिले सांभाळा. रोमला १९६० मध्ये अमेरिकेच्या चार गुणिले १०० मीटर रिलेतल्या चारही जणी टेनेसी स्टेटच्या होत्या: मार्था हडसन, ल्युसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स आणि विल्मा रुडॉल्फ. रुडॉल्फने १०० आणि २०० मीटरही जिंकले. स्पर्धाप्रकार मोजले तर तीन सुवर्णं, गळ्यातली पदकं मोजली तर सहा. दोन्ही पद्धती चालतात. कोणती वापरली ते तक्त्याखाली लिहा आणि सगळ्या वर्षांना तीच लावा.

मुलींची पानं

पुस्तिकेत मुलींचा इतिहास अचानक एखाद्या वर्षापासून सुरू झालेला दिसला, तर मी विचारते, त्याआधी त्या धावत नव्हत्या की तुम्ही चुकीच्या कपाटात शोधलंत? अमेरिकेतल्या आंतरविद्यापीठ संघटनेने, म्हणजे एनसीएएने, महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा १९८१-८२ मध्ये सुरू केल्या. पुरुषांची पहिली राष्ट्रीय ॲथलेटिक्स स्पर्धा तिने १९२१ मध्ये घेतली होती. मधल्या साठ वर्षांच्या नोंदी या संघटनेच्या दप्तरात शोधल्या तर एकही मुलगी सापडणार नाही. त्या वेगळ्या ठिकाणी आहेत. सत्तरच्या दशकात विद्यापीठांतल्या महिलांच्या खेळासाठी एआयएडब्ल्यू ही स्वतंत्र संघटना होती, ती १९८१-८२ च्या हंगामानंतर संपली. त्या एका हंगामात दोन्ही संघटनांच्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या, म्हणजे राष्ट्रीय विजेत्याही दोन. त्याहीआधीच्या मुली ॲमॅच्युअर ॲथलेटिक युनियनच्या खुल्या स्पर्धांत धावायच्या. शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा कायदा १९७२ चा. पैसा, शिष्यवृत्त्या, कपडे बदलायची खोली, सगळं त्यानंतर हळूहळू आलं.

टेनेसी स्टेटच्या ‘टायगरबेल्स’चा, म्हणजे तिथल्या मुलींच्या ॲथलेटिक्स संघाचा, सुवर्णकाळ या कायद्याच्या आधीचा आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एड टेम्पल १९५० पासून चार दशकांहून अधिक काळ तिथे प्रशिक्षक होते. कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ, हातात तुटपुंजं अंदाजपत्रक, स्पर्धेला जायचं ते मोटारीने, आणि वर्णभेदामुळे वाटेतल्या खाणावळी आणि स्वच्छतागृहं या मुलींना बंद. अशा परिस्थितीत तिथल्या मुली ऑलिंपिकला गेल्या. वायोमिया टायसने १९६४ आणि १९६८ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिकं १०० मीटरमध्ये जिंकली. असं त्याआधी कोणीही, पुरुषानेसुद्धा, केलं नव्हतं. हा इतिहास फक्त आंतरविद्यापीठ विजेतेपदांच्या यादीवरून लिहिला असता तर पान कोरं राहिलं असतं.

तुमच्याकडे काय करायचं? मुलींसाठीचं स्वतंत्र महाविद्यालय असेल तर त्याचा वेगळा दप्तरखाना पाहा. जिल्हा आणि राज्य संघटनेच्या खुल्या स्पर्धांचे निकाल पाहा. लग्नानंतर नाव बदललेलं असतं, म्हणून एकच मुलगी दोन नावांनी दोनदा मोजली जाते किंवा दुसऱ्या नावाने हरवते. पात्रता-अर्जावरची जन्मतारीख जुळवा आणि तक्त्यात ती धावली तेव्हाचं नाव ठेवा, पुढचं नाव तळटीपेत. कोणते प्रकार मुलींसाठी होतेच नाहीत तेही नोंदवा. १९२८ नंतर १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये महिलांची ८०० मीटर शर्यत नव्हती, महिलांची बांबू उडी २००० मध्ये आली. तक्त्यातल्या रिकाम्या चौकटीचं कारण दिलं नाही तर ती मुलींची कमतरता वाटते.

रिकामी वर्षं

संघ बंद पडला, मैदान खणलं गेलं, विद्यार्थी संपावर होते, प्रशिक्षकच नव्हता. अशी वर्षं पुस्तिकेत सहसा ‘त्यानंतर’ या एका शब्दात गिळली जातात. सॅन होजे स्टेट विद्यापीठाला ‘स्पीड सिटी’ म्हणत. बड विंटर १९४१ ते १९७० तिथे प्रशिक्षक होते; टॉमी स्मिथ, जॉन कार्लोस आणि ४०० मीटर ४३.८६ सेकंदांत धावणारा ली एव्हन्स त्यांचेच. १९६९ चं राष्ट्रीय सांघिक विजेतेपदही. १९८८ मध्ये विद्यापीठाने हा संघ बंद केला. २००५ मध्ये त्याच आवारात १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये विजयमंचावर वर्णभेदाच्या निषेधार्थ मुठी उंचावलेल्या स्मिथ आणि कार्लोस यांचा पुतळा उभा राहिला, आणि तेव्हा तिथे पुरुषांचा ॲथलेटिक्स संघ नव्हता. तो परत सुरू करण्याची घोषणा २०१६ मध्ये झाली. इतिहास लिहिणाऱ्याने या रिकाम्या जागेवर एक पूर्ण प्रकरण लिहायला हवं: ठराव कोणी मांडला, कारण काय दिलं, त्या वर्षीचे खेळाडू कुठे गेले. सभांचे इतिवृत्त मागा. देताना कुरकुर होते, पण बहुतेक ठिकाणी मिळतं.

प्रशिक्षक आणि मैदान यांची प्रकरणं त्यामानाने सोपी असतात, फक्त तारखा सांभाळा. ओरेगनचं हेवर्ड फील्ड १९१९ पासूनचं, बिल हेवर्ड या प्रशिक्षकाच्या नावाचं. त्याच्यानंतर आलेल्या बिल बॉवरमनने १९६२, १९६४, १९६५ आणि १९७० ची राष्ट्रीय विजेतेपदं आणली. जुना लाकडी स्टँड २०१८ मध्ये पाडून नवं मैदान २०२० मध्ये झालं आणि २०२२ ची जागतिक स्पर्धा तिथे झाली. मैदान त्याच जागी असलं तरी ट्रॅक तोच नसतो. सिंडरवरचा, म्हणजे जळक्या कोळशाच्या चुऱ्याच्या ट्रॅकवरचा, ‘मैदानाचा विक्रम’ सिंथेटिक ट्रॅकवरच्या विक्रमाशी झुंजवू नका. पृष्ठभाग कधी बदलला ती तारीख लिहा आणि तिथे आडवी रेघ मारा.

मांडणी

प्रत्येक नोंदीत नाव, तारीख, ठिकाण, स्पर्धा, कोणाकडून, क्रमांक, कामगिरी, घड्याळाचा प्रकार, वारा आणि पुरावा एवढं हवं. पुराव्याचा रकाना छापला नाही तरी चालेल, पण मूळ फाइलमध्ये तो असलाच पाहिजे. फूट-इंचांतली उडी मूळ मापात लिहून शेजारी मीटर द्या. ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘अभेद्य’ हे शब्द पुराव्याशिवाय आले की सरळ काढा; जाहीर सत्कारात एखाद्याला ‘पहिला’ म्हटलं की त्याच्या आधीच्याची मुलगी प्रेक्षकांत बसलेली निघते.

संगणकावर टाकताना वेळ मजकूर म्हणून टाका. ३:५९.४ ला काही प्रोग्रॅम दिवसाची वेळ समजून भलतंच काही करून ठेवतात.

छपाईच्या आधी तक्त्यांचा कच्चा खर्डा जुन्या खेळाडूंना आणि प्रतिस्पर्धी विद्यापीठांना पाठवा. प्रतिस्पर्ध्यांना नक्की पाठवा, तुमच्या चुका सर्वांत उत्साहाने तेच शोधतात. दुरुस्त्यांसाठी शेवटची तारीख द्या, प्रत्येक दुरुस्तीबरोबर कागदाची प्रत मागा. तारखेनंतर आलेलंही टाकू नका, त्याची वेगळी फाइल करा. स्कॅन केलेली निकालपत्रकं वर्षाप्रमाणे लावून एक संच ग्रंथालयात आणि एक क्रीडा विभागात ठेवा, आणि मूळ व्हाउचरं लेखा विभागाला परत करताना पोच घ्या.